निरगुडीच्या दोन ओळी

माहेरहून सुनेनं काय आणलं, असं कुणी विचारलं तर आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटपर्यंत एकच उत्तर द्यायच्या : "काटक्या." हे काही खरं नव्हतं. लग्नात भांडी आली होती, लोखंडी कपाट आलं होतं, दारात शिवायचं मशीनही उतरलं होतं. काटक्या आल्या त्या लग्नानंतर सहा वर्षांनी आणि त्या मी भांडायला आणल्या होत्या. पण आत्याबाईंना गोष्ट आखूड करून सांगायची सवय होती. मला ती नाही.

माझं सासर पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला. माहेर विट्याच्याही पुढं, दुष्काळी मुलखात, मेंढरं राखणाऱ्या घरात. सासरी चहूकडं ऊस. घरामागून ओढा वाहतो आणि ओढ्याच्या कडेनं एक रुंद बांध नदीकडं जातो. तो बांध आमच्या मालकीचा, सात हात रुंद. त्याच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला माझ्या चुलत दिराचा ऊस. त्या बांधावरून वाट होती आणि वाटेच्या टोकाला आमचं रान. दुसरीकडून त्या रानात जायला रस्ता नाही. बांध गेला तर रान आपलंच, पण आपल्याला तिथं पोचता येणार नाही, असा सगळा मामला होता.

आमच्याकडं जमीन अधूनमधून हलते. मांडणीवरची भांडी वाजली की बायका "हललं वाटतं" म्हणतात आणि तव्यावरची भाकरी उलटतात. पण बांध भूकंपानं हलत नाही. तो ट्रॅक्टरनं हलतो. नांगरट करताना दर वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधात घालायचं, असं केलं की बांध कोरला जातो आणि कोरणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, कारण एका वर्षात दिसत काहीच नाही. दिसायला सहा वर्षं लागतात. मला दिसलं तेव्हा वाटेवरून जाणाऱ्या म्हशीचा एक पाय उसात पडायला लागला होता.

नवरा तेव्हा फौजेत. सुट्टीवर आला की रानात फेरी मारायचा, बांध बघायचा आणि म्हणायचा, "सोड गं. चुलत असला तरी भाऊ हाय. हातभर जागंचा प्रश्न हाय."

मी विचारलं, "तुमच्या बॉर्डरला सोडतात का हातभर?"

त्यावर तो बाहेर जाऊन बूट पुसत बसला. घासून चकचकीत केले.

शेवटी मी आबांना, माझ्या वडलांना, विचारलं. त्यांनी एका शब्दात सांगितलं : निरगुडी. आमच्या माहेरच्या ओढ्याला ती माजलेली असते. एका देठावर हाताच्या बोटांसारखी पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि फुलायला लागली की निळसर जांभळे तुरे. वास इतका उग्र की नवखा माणूस नाक मागं घेतो. मेंढरू तिला तोंड लावत नाही, शेळीसुद्धा लावत नाही आणि शेळी काय काय खाते हे ज्यांना माहीत आहे त्यांना यावरून कळावं. आबांच्या वाड्याला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेला, निरगुडीचंच कुंपण होतं. तिच्या फोकांच्या पाट्या व्हायच्या, धान्य साठवायच्या कणग्या व्हायच्या, वाळलेला पाला त्याच कणगीत ज्वारीच्या मधे मधे जायचा. कुणाचा गुडघा धरला की पाला तव्यावर गरम करून बांधायचा. घरात बाळंतीण असली की तिच्या अंघोळीच्या पाण्यात निरगुडी उकळायची, सव्वा महिना, रोज. मी स्वतः दोन बाळंतपणांत त्या वासात भिजलेली आहे.

"मुळ्या माती धरत्यात," आबा म्हणाले. "नांगराचा फाळ अडकला की मानूस आपसूक वळतंय."

सासरच्या ओढ्यालाही वरच्या अंगाला निरगुडी होती, पण आबांचा भरवसा स्वतःच्या कुंपणावर; त्यातल्याच बोटाएवढ्या जाड काटक्या त्यांनी कापून दिल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून. विट्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्ये काय घेतलंय? गाडीभर वास सुटलाय." मी म्हटलं, तिकीट माझं काढलंय, वासाचं काढायचं असेल तर सांगा. मागच्या बाकावर एक गलाईवाला बसला होता, सोनं गाळायच्या धंद्यात लांब कुठल्या तरी शहरात असलेला, नवी बॅग, बोटात अंगठी. तो पुढं झुकला, पोत्याजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "लय वर्सांनी." मग डोळे मिटून बसला. कराडपर्यंत त्याच्यामुळं मला कुणी काही बोललं नाही.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं.

आबांच्या मुलखात एक रीत आहे. हद्दीवर काही लावायचं असेल तर लावणारानं दोन हात मागं सरायचं. आपल्या झाडाची सावली, मुळी शेजाऱ्याच्या रानात जाऊ नये म्हणून. तिकडं जमीन खडकाळ असली तरी ऐसपैस आहे, दोन हातांनी कुणाचं काही जात नाही. मी त्या रीतीत वाढलेली. त्यामुळं मला कुणी सांगायची गरजही पडली नाही. मी जुन्या हद्दीपासून, दिरानं कोरलेली जागा धरून, दोन हात आत सरले आणि माझ्याच बांधावर निरगुडीची ओळ लावली. वाट तिच्या आणि ओढ्याच्या मधे, पाच हात. बरंच झालं, असं मला वाटलं. भांडण नको, मन साफ.

निम्म्या काटक्या फुटल्या, निम्म्या वाळल्या. पुढच्या वर्षी वाळलेल्यांच्या जागी नव्या लावून मी खाडे भरले. तिसऱ्या वर्षी कंबरेएवढी दाट ओळ उभी राहिली आणि माझ्या दिरानं नांगर अगदी ओळीला घासून नेला. माझे दोन हात त्याच्या उसात.

मी बांधावर उभी राहून ओरडले. तो ट्रॅक्टर बंद न करताच म्हणाला, "वैनी, कुंपण कुनी लावलं? तुमीच न्हवं? मग हद्द तुमीच दावलीया की."

त्या दिवशी मला माझ्या चांगुलपणाचा जेवढा राग आला तेवढा त्याच्या लबाडीचाही आला नाही. आबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं मानसं मेंढरांपेक्षा जास्त चरत्यात व्हय?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित जळफळून गप्प बसले असते. पण त्याच पावसाळ्यात ओढ्याला मोठं पाणी आलं. ओढ्याकडचे पाच हात, वाटेसकट, निरगुडीच्या मुळापर्यंत कापून नेले. तिथं मात्र पाणी थांबलं. मुळ्या लोंबत होत्या, पण ओळ जागची हलली नाही. म्हणजे आता असं झालं : ओढा, मग लगेच माझी निरगुडी, मग लगेच त्याचा ऊस. वाट कुठंच नाही. चालण्याजोगे उरले ते तेच दोन हात, जे मी रीतीनं सोडले होते आणि त्यानं नांगरले होते.

मी गावातल्या चार जाणत्यांना बांधावर बोलावलं. माझा दीरही आला, टॉवेल खांद्यावर, हसतमुख. तो म्हणाला, "हितनं वाट कवाच नव्हती. वाट होती ओढ्याकडनं. ती ओढ्यानं नेली. आता ओढ्याला इचारा."

जाणती माणसं हसली. गावातला चांगला ट्रॅक्टर त्याचा. प्रत्येकाची नांगरट त्याच्या मर्जीवर. एकानं माझ्याकडं न बघता म्हटलं, "बसून मिटवा," आणि चौघेही चहाला गेले. कुणाच्या घरी, हे सांगायला नको.

ते सबंध वर्ष मी ओढ्यातून गेले. डोक्यावर वैरणीचा भारा, गुडघाभर पाणी, खाली शेवाळलेले गोटे. एकदा घसरले, भारा वाहून गेला आणि पाय मुरगळला तो महिनाभर. आत्याबाई स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यांनी सरकत सरकत आल्या, माझ्याच ओळीचा पाला गरम करून माझ्या घोट्याला बांधला आणि बांधता बांधता म्हणाल्या, "काटक्या आनल्यास त्या उपेगी पडल्या बग." आयुष्यात त्यांनी माझं एवढंच कौतुक केलं.

मी मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले आले तेव्हा ऊस पुरुषभर वाढलेला. साखळ्या ओढत ते आत शिरले आणि निरगुडीपासून बरोबर दोन हातांवर, पाचटाखाली, हद्दीचा जुना दगड सापडला. मी त्या दगडावर बसले आणि रडले. मग उठून कमरेला पदर खोचला, कारण मला रडताना बघून दिराच्या तोंडावर समाधान दिसायला लागलं होतं.

खुणा रोवून मोजणीवाले गेले. आठवड्यात खुणा नाहीशा झाल्या. "दगड काय, कुनीबी रोवतंय," दीर म्हणाला.

दगड उपटता येतो हे मला कळलं. मग मी दुसरी ओळ लावली, हद्दीच्या आत बोटभर, दोन हात मागं नाही. रीत गेली चुलीत. दोन ओळींच्या मधे दोन हात जागा, एका बाईला भारा घेऊन जाता येईल एवढी. त्यानं पहिल्या वेळी नांगर घातला. मी परत लावली. दुसऱ्या वेळी तणनाशक फवारलं. पानं पिवळी पडली, वळली, गळली. मी सगळी ओळ जमिनीलगत छाटून टाकली, मेल्या त्या उपटल्या आणि पहिल्या ओळीच्या काटक्या कापून तिथं रोवल्या. तिसऱ्या वेळी परत तेच. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता, पंप होता, औषध होतं. माझ्याकडं पहिली ओळ होती, आणि ती जेवढी कापावी तेवढी जास्त फुटत होती. नवरा तोवर पेन्शनीत आलेला. तिसऱ्या वेळी तो काही न बोलता पहार घेऊन आला आणि खड्डे खणायला लागला. मीही काही बोलले नाही. बोलले असते तर परत गेला असता.

ओळ वाढली. पण त्यातून चालायचं म्हणजे रोज जीव मुठीत. कारण दीर डेअरीवर, टपरीवर सगळ्यांना सांगायचा, "औंदा ऊस फॅक्टरीला गेला की ती दुसरी वळ मुळासकट काढतो. माज्या रानातलं कुंपान हाय त्ये. हितनं वाट कवाच नव्हती." त्याच उन्हाळ्यात त्यानं जेसीबी आणून वरच्या अंगाची ओढ्याची सगळी कड साफ केली होती. ऊस दोन सऱ्या पुढं नेला. ओढ्याला आपोआप आलेली जुनी निरगुडी होती ती ढिगानं काढून पेटवली. त्याचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. त्या धुराचा वास दोन दिवस गावात होता. मी दार लावून घेतलं होतं.

थंडी पडायला लागली, ऊसतोड सुरू झाली आणि त्याच्या फडाला कोयता लागायच्या सुमाराला त्याची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पाचव्या दिवशी माझी धाकटी जाऊ, त्याची बायको, मागच्या दारानं आली. आमच्या दोघींचं बोलणं बंद होतं, बायकांचं जसं बंद असतं तसं : नळावर भेटलो तर पोरांबद्दल बोलायचो.

"अक्का," ती म्हणाली, "निरगुडी कुटंच न्हाई. पोरीच्या आंघुळीला पायजे. समदा ओडा हिंडून आले."

"कुठं गेली सगळी?" मी विचारलं. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

त्या दिवशीचा पाला मी स्वतः काढून दिला. दोन पेंढ्या, कोवळ्या शेंड्यांच्या. लेकरानं काही माझा बांध कोरला नव्हता. मग म्हटलं, "सव्वा महिना लागेल तेवढा न्या. पण उद्यापासनं तू यायचं नाहीस. भावजींना पाठव. विळा त्यांचा, पाला माझा. आणि वाटेनं यायचं. उसातनं न्हाई, दोन ओळींच्या मधनं."

"त्ये न्हाई यायचं, अक्का."

"मग गार पाण्यानं घाल पोरीला आंघोळ."

तो आला नसता तर तिसऱ्या प्रहरी मीच पाला घेऊन त्यांच्या दारात गेले असते, ओल्या बाळंतिणीला मी तशी ठेवली नसती. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. चांगुलपणाचा मला अनुभव होता.

तो आला. कुणी बघू नये म्हणून तांबडं फुटताना आला आणि तिथंच फसला, कारण आमच्या वाटेचं तोंड दूध डेअरीसमोर उघडतं आणि त्या वेळी अख्खं गाव हातात किटल्या घेऊन तिथं रांगेत असतं. मी माझी किटली घेऊन उभीच होते. तो दोन ओळींच्या तोंडाशी थांबला. कुणीतरी विचारलं, "काय रं गड्या, आज हिकडनं?"

"पाला न्यायचाय," तो म्हणाला आणि आत शिरला.

पहिल्या दिवशी त्यानं फांद्या ओरबाडल्या. मी मागून ओरडले, "भावजी, ओरबाडू नका. कापा. शेंड्याकडनं कापा." दुसऱ्या दिवशी विळ्याला धार लावून आला. दहा-बारा दिवसांत त्याला निरगुडी कापता यायला लागली. कुठली फांदी घ्यायची, कुठली ठेवायची, ते न सांगता. त्याच ओळीवर त्यानं औषध मारलं होतं. जमिनीलगतच्या बुंध्यांवरचे जुने काळे डाग त्याला दिसत असणार. मी ते दाखवले नाहीत. एकदा आडवी आलेली एक फांदी त्यानं सुतळीनं मागं बांधून ठेवलेली दिसली. मी सुतळी सोडली नाही, पण आभारही मानले नाहीत.

थंडीतलं गवत त्याच्या चपलांखाली दबलं, मग पिवळं पडलं, मग उडालं. मातीचा पट्टा दिसायला लागला. आधी तिथून फक्त मी जात होते, अनवाणी. आता त्याच्या रबरी चपलांचे ठसे माझ्यापेक्षा जास्त होते. डेअरीवरच्या माणसांनी विचारायचं बंद केलं. मधेच कधीतरी त्याचा ऊस तुटला आणि गेला. रान मोकळं झालं, पाचट पेटवलं गेलं, ट्रॅक्टर नांगर जोडून रानाच्या कडेला येऊन उभा राहिला. आता त्याला घरी जायला स्वतःच्या मोकळ्या रानातून सरळ रस्ता होता. तरी तो वाटेनंच यायचा, वाटेनंच जायचा. सवयीनं असेल. मी रोज त्या नांगराकडं बघायचे.

सव्वा महिना भरला त्या दिवशी त्यानं शेवटची पेंढी बांधली, खांद्यावर टाकली आणि वाटेच्या तोंडाशी आला. मी किटली खाली ठेवली. रांगेत पंधरा-वीस माणसं होती, त्यात ते चहाला गेलेले चारही जाणते.

"वैनी, उद्यापास्नं न्हाई लागायचा पाला," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं. आणि मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "भावजी, हितनं वाट कवाच नव्हती, न्हवं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मागं, स्वतः तुडवलेल्या मातीकडं. निरगुडीचा वास त्याच्या कपड्यांना, हातांना लागलेला होता, मला उभ्या जागी येत होता.

"हाय की," तो म्हणाला. "रोज येतोय न्हवं मी?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा मी विळा घेऊन दोन ओळींच्या मधे जाऊन उभी राहिले. डेअरीवरचा शब्द डेअरीवर राहतो, हे मला या गावात शिकायला मिळालेलं आहे. नांगर ओळीकडं आला आणि ओळ यायच्या आधीच वळला. परत आला, परत तिथंच वळला. दिरानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. तो गेल्यावर मी ओळ ओलांडून पलीकडं गेले, नांगरटीच्या कडेला गुडघे टेकले आणि कोपरापासून बोटापर्यंत हात मातीवर ठेवून मोजलं. एक हात जागा त्यानं नांगरायची सोडली होती. स्वतःच्या रानातली.

मी तिथूनच आबांना फोन लावला. ते आता थकलेत, ऐकूही कमी येतं. दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग हसले आणि म्हणाले, "आगं, मग तितंबी लाव की एक वळ!"

"न्हाई आबा," मी म्हटलं. "ती जागा त्यांची हाय."